मायची कोंडी

"सुटली बाई," थोरली वैनी म्हणाली.

तुझ्या अस्थी सावडायचा दिवस होता. दारात माणसं बसलेली, बायका भिंतीकडेला. तुझी ही जाऊ डोळ्याला पदर लावून ते बोलली, आणि दोघीतिघींनी मान हलवून परत तेच म्हटलं. सुटली. सुटली बाई बिचारी. मी उठून उभा राहिलो.

"कशातनं सुटली?" मी म्हणालो. "माज्यातनं?"

आपली रुपा पाण्याचा तांब्या घेऊन येत होती, ती तिथंच थांबली.

"आवं भावजी," वैनी म्हणाली, "दुखण्यातनं म्हनती मी."

"मग दुखण्यातनं म्हना की सरळ. नुसतं सुटली म्हनल्यावर मानसानं काय समजायचं?"

म्हातारा बहकलाय असं लोकांना वाटलं. वाटू दे. तू असतीस तर माझा सदरा मागनं ओढून "आवं, जरा दमानं" म्हणाली असतीस. ओढायला कुणी नव्हतं म्हणून बोलून गेलो. पण बहकलो नव्हतो, मला खरंच विचारायचं होतं.

रुपा झाली तेव्हाही हाच शब्द होता. आठवतंय? कराडच्या अंगाला उसाच्या रानात मेंढरं बसवली होती. ताडपत्रीच्या आडोशाला तू, बाहेर मी. कुत्रं सुद्धा भुंकायचं थांबलं होतं. आणि शेजारच्या तळावरली म्हातारी बाहेर येऊन म्हणाली, "सुटली रं गड्या. पोरगी झाली." तेव्हा मी काय विचारलं नाही कशातनं म्हणून. म्हातारीच्या पायाच पडलो.

तो एक शब्द, आणि हा एक. अक्षरं तीच.

ही पोरगी शिकत शिकत सांगलीला गेली आणि पेशींचं मरण मोजायला लागली. लोक विचारायचे, लेक काय करती? मी हेच सांगायचो. लोक म्हणायचे, मरण काय मोजायची गोष्ट हाय व्हय? मला पुढचं सांगता यायचं नाही. तू मात्र सांगायचीस. विट्याच्या बाजारात, बसमध्ये, कुणाला पण. "आमची रुपा कोंडी फुटलेली बघती," असं म्हणायचीस, आणि ऐकणारा खुळ्यागत तुझ्या तोंडाकडं बघत बसायचा.

त्याची सुरुवात शेंगा फोडताना झाली. तुझं दुखणं अजून कळलं नव्हतं. रुपा सुट्टीला आलेली, तिघं बसलो होतो, आणि तिनं मोबाईल पुढं केला.

"आई, हे बघ. ही एक पेशी. हिच्यात हे हिरवे ठिपके दिसतायत का? ह्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात."

"काय म्हनलीस? मायची कोंडी?"

रुपा हसून हसून लोळायला लागली. मांडीवरचं सूप सांडलं, दाणे सगळ्या ओसरीभर.

"मायची न्हवं गं आई. मायटो..."

"त्येच की. मायची कोंडी."

तुझं काय चुकलं म्हणा. कोकरं कोंडायच्या जाळीला आपण कोंडीच म्हणतो. दिवसभर आया चरायला रानात, कोकरं कोंडीत. सांजचं मेंढरं माघारी आली की कोकरं सोडायची. हे काम तू मला कधी करू दिलं नाहीस. मी घाई करतो, कोकरं तुडवली जातात, म्हणायचीस.

रुपा डोळं पुसत सांगायला लागली. तुझ्या कोंडीवरनंच सांगायला लागली, कारण तसं केल्यावर आम्हा दोघांना समजत होतं. ह्या कोंडीत एक प्रथिन कोंडलेलं असतं. आत आहे तोवर ते पेशीला जगवायचं काम करतं. पण तेच कोंडीतनं बाहेर सुटलं की पेशीला मरायला सांगतं.

"त्येच?" तू म्हणालीस.

"तेच. आत असताना जगवतंय, बाहेर पडल्यावर मारतंय."

ते डोळ्याला दिसत नाही, म्हणून ह्या लोकांनी त्याला एक हिरवा चमकणारा तुकडा जोडलेला. वरनं निळा उजेड टाकला की ते जिथं असंल तिथं हिरवं दिसतं. तिनं चित्र चालू केलं. बराच वेळ काहीच नाही, नुसते ठिपके, जरा हालल्यागत. मग एकदम ठिपके गेले आणि ती पेशी कडेपर्यंत एकसारखी हिरवी झाली.

तू टाळी वाजवलीस. "आगं, ही तर कोकरं सोडली!"

मी म्हणालो, "सोडली न्हवं, सुटली. कोकरं सोडली की आईकडं पळत्यात. ही कुणाकडं पळाली? जाळी तुटून रानभर झाली ती."

"तुमाला सगळं तुटल्यालंच दिसतंय."

"तुला मराण दिसलं तरी तू टाळ्याच वाजव."

तिथनं आपलं भांडण लागलं. सुटली का सोडली. भाकरी थापताना तू मध्येच म्हणायचीस, सोडली. मी पायताण घालताना म्हणायचो, सुटली. रुपाला फोन लावून विचारलं तर ती म्हणाली, दोघं पण बरोबर आहात, आम्हाला पण अजून सगळं कळलं नाही. असल्या उत्तरानं भांडण मिटतं होय?

त्या दिवशी आणखी एक झालं होतं. सांडलेलं दाणं गोळा करता करता तू विचारलंस, "पर मायचीच का? बापाची कोंडी नसती?"

रुपा हसायची थांबली. म्हणाली, "आई, तू गंमतीनं म्हणलीस, पण ते खरंच तसं हाय. ह्या आईकडनंच येतात. बापाच्या पोरात उतरत नाहीत. माझ्यात जेवढ्या हायेत तेवढ्या सगळ्या तुझ्या."

तू माझ्याकडं बघून म्हणालीस, "ऐकलं का? तुमचं नुसतं नाक घेतलंय पोरीनं."

मग तुझ्या छातीत गाठ निघाली.

दवाखान्याचं मी लिहीत नाही. तू पण तिथलं घरी आल्यावर कधी बोलली नाहीस. एवढंच लिहितो, की गाठ काढायच्या आधी डॉक्टरांनी विचारलं, ह्यातला थोडा तुकडा तपासणीला, शिकायला, प्रयोगाला दिला तर चालेल का. मी नाही म्हणणार होतो. माणसाचा तुकडा असा कुणाला देतात का? तू माझ्या आधी बोललीस.

"न्या की. मेंढराची लोकर आमी जन्मभर दिली. ही गाठ ठिवून काय घोंगडं विणायचंय मला?"

डॉक्टर हसला. तू सही केलीस, तुझी ती तिरकी सही. बाटली रुपाच्याच प्रयोगशाळेत गेली; तिच्यावर नाव नव्हतं, नंबर होता. कुणाची ते प्रयोग करणाऱ्याला कळू नये असा नियम आहे म्हणे, आणि रुपानं त्याला हात लावायचा नाही, तिच्या मॅडम करतील असं ठरलं. पण त्या दिवशी तिथं एकच बाटली आली होती. पोरीला काय कळायचं राहतंय?

तू रुपाला विचारलं होतंस, "माज्या गाठीतली कोंडी उघडंल का गं?"

ती म्हणाली, "ह्या पेशी मरायलाच विसरल्यात आई. म्हणून तर गाठ झाली. औषध घालून कोंडी उघडती का, तेच बघायचंय."

तू लगेच माझ्याकडं वळलीस. अंगात ताप, पण वळलीस. "बघा. म्हंजी सुटल्यालं चांगलं."

"गाठीचं सुटलं तर चांगलं," मी म्हणालो. "मानसाचं न्हाई."

तू काहीतरी बोलणार होतीस. मग खोकला आला आणि ते राहून गेलं. काय बोलणार होतीस गं? मी ते नंतर विचारलं नाही. मला वाटलं, तुझं उत्तर राहिलंय म्हणजे भांडण चालू आहे, आणि भांडण चालू आहे तोवर तू कुठं जात नाहीस.

शेवटी शेवटी तू घरी होतीस. खाट ओसरीत घेतली होती, तुला रान दिसावं म्हणून. खाणं बंद, बोलणं बंद, नुसता श्वास. तो सुद्धा थांबून थांबून. वैनी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "भावजी, जीव अडकलाय तिचा. तुमी जा म्हना. तुमी म्हनल्याबिगर ती जायची न्हाई."

"माज्या तोंडानं?"

"आवं, तशी रीत हाय. हाल बघवत न्हाईत."

"तुमाला बघवत न्हाईत तर तुमी घरी जावा. मी न्हाई म्हननार."

रुपा पण आली. ती रीतभात मानत नाही. तिनं नुसतं माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते जास्त जड होतं.

मी तुझा पाय धरून बसलो होतो. तळवा गार पडत गेला तसा दोन्ही हातांनी धरला. तू गेलीस. मी जा म्हणालो नव्हतो. म्हणून तर वैनीला विचारलं, कशातनं सुटली. सोडणाऱ्यानं सोडली नव्हती, मग सुटली कशी?

तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि रुपा कट्ट्यावर माझ्याशेजारी येऊन बसली.

"आबा, आईच्या त्या पेशी अजून हायेत. मॅडमनी वाढवल्यात. हिरवं जोडून झालंय."

मला आधी समजलंच नाही. "म्हंजी तिचं अजून काय तरी जित्तं हाय?"

"व्हय."

"कुठं?"

"सांगलीत. एका पेटीत. अंगाएवढी ऊब असती तिथं."

तिला पुढचं सांगायचं होतं. आता औषध घालून मोजायचं, आणि मोजायचं म्हणजे त्या मारायच्या. ह्या पेशी फार दिवस वाढत नाहीत, एवढीच खेप आहे. आईनं सही केली आहे, तुम्हाला विचारायची गरज नाही, पण तुम्ही नको म्हणालात तर मी मॅडमना थांबायला सांगीन. मी सगळं ऐकायच्या आधीच म्हणालो, "नको. राहू दे."

मग काही दिवस मी बरा होतो. खरं सांगतो, लोकांना वाटलं सावरला. सकाळी उठलो की पहिलं हे आठवायचं, की सांगलीत एका उबदार पेटीत तू थोडी तरी आहेस. रुपाला फोन करायचो.

"बऱ्या हायेत का?"

"बऱ्या हायेत आबा."

"खात्यात का?"

"लाल पाणी बदललं आज. खात्यात."

"जरा जास्त घाल."

एके दिवशी ती म्हणाली, "आबा, एक सांगू? राग येईल तुम्हाला."

"सांग."

"त्या बऱ्या हायेत म्हंजी काय हाय, ठावं हाय का? ती गाठच हाय. आईला खाल्लं तिनं."

मी फोन ठेवला.

मी म्हातारा, चार यत्ता शिकलेला, पण एवढं मला आधीच कळायला पाहिजे होतं. ऐकलंच नव्हतं मी नीट. तुझं म्हणून मी जे जपत होतो, जास्त घाल म्हणून सांगत होतो, ते तुला मारणारं. आणि तरी ते तुझंच. दुसऱ्या कुणाचं नाही. त्याचा राग करायचा तर तुझ्यातल्याच एका तुकड्याचा करायचा, आणि माया करायची तर तुझ्या मरणाची करायची. मी मेंढरं राखली आयुष्यभर. लांडगा आला तर काय करायचं ते मला माहीत आहे. लांडगा मेंढराच्याच पोटचा निघाला तर काय करायचं, ते मला कुणी शिकवलं नाही.

रुपाचा परत फोन आला. रडत होती, पण बोलली नीट. "आबा, ठेवल्या तरी त्या थोड्या दिवसांनी आपोआप थांबतील. मग काय न सांगताच जातील. मोजल्या तर काय तरी सांगून जातील. आईनं दिल्या त्या त्याच्यासाठीच."

"मी येतो," म्हणालो. "माज्यासमोर करा."

मॅडमना ते पसंत नव्हतं. पेशी कुणाच्या हे कुणी तोंडानं बोललं नाही, पण मी पोरीचा बाप आणि नुकतीच बायको गेलेला माणूस, एवढं त्यांना हो म्हणायला पुरलं. एसटीनं सांगलीला गेलो. अंधारी खोली, गार, पडदे लावलेले, आणि टेबलावर ते यंत्र, त्याच्यावर काळी पेटी. शेजारी टीव्हीगत पडदा. मॅडमनी काच आत सरकवली आणि पडद्यावर तू आलीस.

मी तुझा काही तोंडवळा शोधत नव्हतो. पण इतकं हिरवं असेल असं वाटलं नव्हतं. काळ्याभोर रानात रात्री दुरून मेंढरांचे डोळे चमकावेत तसे ठिपके. पेशी पेशी वेगळी, आणि प्रत्येकीच्या पोटात गच्च भरलेल्या कोंड्या.

"आता हे मोजणार कसं?" मी रुपाला विचारलं. "हिरवं कमी हुतंय का बघता?"

"नाही आबा. हिरवं कमी होतच नाही. सुटलं तरी ते पेशीच्या आतच राहतं, तेवढंच राहतं. यंत्र हे बघतं, की ते एका जागी गोळा हाय का सगळीकडं सारखं पसरलंय. ठिपके असले की आकडा मोठा. पसरलं की आकडा एकदम पडतो."

"म्हंजी जातं काय?"

"जात काय नाही. जागा सुटती."

मॅडमनी औषधाची नळी हातात घेतली. रुपानं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आबा, सोडू देऊ का त्यांना?"

औषधाचा थेंब सोडायचा, एवढंच ती विचारत होती. त्या ओसरीत म्हणालो नव्हतो तेच ओठावर आलेलं. मी पडद्याकडं बघत होतो, आणि तोंडातनं निघालं, "जा."

मॅडम दचकून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं मी त्यांनाच जा म्हणालो. नळी तशीच हातात, दाराकडं बघायला लागल्या बिचाऱ्या. "तुमाला न्हवं बाई," मी म्हणालो, "तुमी बसा." रुपा एकदम हसली आणि त्याच श्वासात रडायला लागली. तिला कळलं होतं कुणाला ते. तुला पण कळलं असेल, तर एवढं ध्यानात घे, की मी ते तुला म्हणालो आणि त्या गाठीला पण म्हणालो. दोघींना एकाच शब्दात. वेगळं करता आलं नाही.

लगेच काही होत नाही. यंत्र थांबून थांबून फोटो काढतं. मला जेवून या म्हणाले, मी उठलो नाही. दुपार कलली तेव्हा कोपऱ्यातली एक गेली. बघता बघता ठिपके पुसले आणि सगळी हिरवी झाली. खाली कागदावरच्या रेघेगत एक रेघ सरळ चालली होती, ती कड्यावरनं पाय घसरावा तशी पडली. मग दुसरी. मग तिकडची. प्रत्येकीची वेळ निराळी, पण एकदा तिची एक कोंडी उघडली की त्या पेशीतल्या सगळ्या पाठोपाठ. आणि वरनं बघितलं तर पेशी तशीच, हालतेय, जागच्या जागी. रुपा म्हणाली, बाहेरनं अजून कळायचं नाही, पण आता ती माघारी यायची नाही.

मला तू आठवलीस. खाटेवर बसून केस विंचरून घेत होतीस आणि वैनीची नक्कल करून हसवत होतीस. तेव्हा आत कुठली रेघ पडून गेली होती काय?

एक मात्र सुटली नाही. शेवटपर्यंत ठिपके गच्च. मी विचारलं, "ही का सुटंना?"

"माहीत नाही आबा. तेच शोधायचंय."

मला आधी बरं वाटलं. म्हटलं, हीच तू. अडेलतट्टू. मग ध्यानात आलं, असली एखादी मरायची राहिली म्हणूनच सगळं झालं. अजून ठरलेलं नाही माझं, तिच्याकडं बघून मला काय वाटलं ते.

रुपा माझ्याबरोबर गावी आली. घरात पाऊल टाकलं आणि मला तिचं ते बोलणं कळलं, जागा सुटती ते. आधी तुझ्या खाटेकडं बघितलं की दुखायचं, चुलीकडं बघितलं की दुखायचं, बाकी घर नुसतं घर होतं. आता तसं नाही. उंबरा, बादली, दोरीवरचा माझा सदरा, सगळं सारखंच दुखतंय. कमी झालेलं नाही काही. नुसता ठिपका नाही.

सांजचं मेंढरं आली. कोंडीत कोकरं ओरडायला लागली. मी उठलो तर रुपा म्हणाली, "तुमी बसा आबा. तुमी घाई करता, तुडवत्यात." हे तिला कुणी शिकवलं?

जाळीला हात घालून ती थांबली. "सोडू का?"

"सोड."

जाळी उघडली. पांढरी, तांबडी, काळी, सगळी रानभर झाली, आणि बघता बघता प्रत्येक आपापल्या आईखाली. एक तेवढं आतच राहिलं, ज्याची आई गेल्या महिन्यात गेली ते. रुपा वाकली, त्याला काखेत मारलं, तोंडानं तुझ्यासारखंच हुर्र हुर्र केलं आणि दुसऱ्या मेंढीखाली नेऊन लावलं. मेंढीनं एकदा लाथ मारली. रुपानं तिला तुझीच शिवी घातली.

मी बसून बघत होतो. तिच्यातल्या कोंड्या तेवढ्या सगळ्या तुझ्या, म्हणाली होती ती. भरलेल्या, गच्च, बंद. त्या कुणी सोडायच्या नाहीत. मी तर 'जा' न्हाईच म्हननार.